हत्ती, तीन हात आणि झोपलेला सिंह : १७४७ सालची हरवलेली निशाणं पुन्हा शिवताना

फिलाडेल्फियाजवळ राहणाऱ्या माझ्या पुतणीचा फोन आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "काका, शाळेच्या प्रदर्शनासाठी जुनं निशाण करायचंय. त्यावर हत्ती आहे. तुला हत्ती येतो ना काढता?" हत्ती मला येतो. पण ते निशाण करायला घेतल्यावर कळलं, की चांगला हत्ती काढता येणं हीच इथली पहिली अडचण आहे. ती का, ते पुढे सांगतो.

ही निशाणं पेनसिल्व्हेनियातल्या 'असोसिएटर्स' या स्वयंसेवक फौजेची. १७४७च्या उन्हाळ्यात शत्रूची लुटारू जहाजं डेलावेअर नदीच्या मुखाशी शिरली. इंग्लंडचं फ्रान्स आणि स्पेनशी युद्ध चालू होतं, पण पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळावर शस्त्र न धरणाऱ्या क्वेकर पंथीयांचा वरचष्मा होता. वसाहतीत कायद्याने उभी केलेली फौजच नव्हती. नोव्हेंबरमध्ये बेंजामिन फ्रँकलिनने 'प्लेन ट्रुथ' ही पुस्तिका छापली आणि लोकांनी आपण होऊन सैन्य उभारावं म्हणून करारनामा फिरवला. त्याच्याच सांगण्याप्रमाणे पुढे दहा हजारांवर लोकांनी त्यावर सह्या केल्या. शस्त्रं ज्याची त्याची आणि अधिकारीही सैनिकांनीच निवडलेले. बायकांनी आपसांत वर्गणी काढून तुकड्यांना रेशमी निशाणं दिली, आणि त्यांवरची चित्रं व बोधवाक्यं आपण पुरवली, असं फ्रँकलिन आत्मचरित्रात लिहितो. १७४८च्या अखेरीस तह झाला आणि फौजेचं कामच संपलं.

त्यांतलं एकही निशाण आज आपल्यासमोर नाही. राहिली आहे ती वर्तमानपत्रातली यादी : 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट'च्या १२ जानेवारी १७४८च्या अंकात दहा निशाणांचं वर्णन आणि एप्रिलमध्ये आणखी दहांचं. एकेकाला एकदोन ओळी. त्या ओळींवरून निशाण उभं करायचं आहे.

आधी मजकूर

ही यादी फ्रँकलिनच्या कागदपत्रांच्या छापील संग्रहात, तिसऱ्या खंडात आहे, आणि 'फाउंडर्स ऑनलाइन' या सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येते. तिथूनच घ्या. इंटरनेटवर फिरणारी रंगीत चित्रं आधी बघू नका. एकदा डोळ्यांत बसलेलं चित्र मजकूर वाचताना पुसत नाही. तारखेचीही एक मेख आहे. तेव्हा इंग्रजी अमलात वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे जुन्या पद्धतीने जानेवारीतला अंक अजून १७४७चाच. दोन ठिकाणी दोन सालं दिसली तर गोंधळू नका.

ज्या निशाणाचं काम करायचं, त्याचं वर्णन वहीत शब्दशः उतरवा आणि तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. मजकुरात जे स्पष्ट आहे ते निळ्याने. मजकुरात नाही, पण त्या काळच्या दुसऱ्या वस्तूंवरून ठरवता येतं ते हिरव्याने. उरलेलं, म्हणजे आपल्या मनाचं, लाल पेन्सिलीने. प्रत्येक निर्णय या वहीत गेला पाहिजे. लाल रंग फार दिसायला लागला की मन खट्टू होतं, पण तो दिसलाच पाहिजे. पुनर्निर्मितीत खोटेपणा शिरतो तो लाल गोष्ट निळी म्हणून खपवल्यावर.

सर्वांत मोठी लाल गोष्ट पहिल्याच पानावर येते. निशाणाचं रेशीम कोणत्या रंगाचं, हे यादीत एकाही ठिकाणी नाही. ब्रिटिश पलटणींत निशाणाचा रंग गणवेशाच्या कॉलर-बाह्यांच्या अस्तराशी जुळवत, पण या लोकांना गणवेशच नव्हता. सगळ्या यादीत कापडाच्या रंगाचा एकच उल्लेख आहे : अठराव्या निशाणावरची आशा ही स्त्री 'निळ्या वस्त्रात' जहाजाच्या नांगरावर हात ठेवून उभी आहे. तेवढ्यावरून एक गोष्ट मात्र निघते. ते निशाण निळं नसणार, नाहीतर बाई त्यात बुडून जाईल. असे छोटे अर्थ मजकुरातून पिळून काढणं हीच या कामातली खरी मजा.

कोणतं निशाण घ्यावं

पहिलाच प्रयत्न असेल तर माणसांचं चित्र टाळा. एकोणिसाव्या निशाणावर ब्रिटिश राजाचा मुलगा ड्यूक ऑफ कंबरलँड सेनापतीच्या वेशात आहे. त्यासाठी त्या काळची कोरीव चित्रं समोर ठेवून चेहरा जमवावा लागतो, आणि रेशमावर चेहरा बिघडला की निशाण विनोदी दिसतं. बारावं, म्हणजे एकमेकांवर तिरपी ठेवलेली बंदूक आणि तलवार, हे सर्वांत सोपं. बंदूक मात्र तेव्हाची काढा : लांब नळीची, सेहेचाळीस इंच नळीची ब्रिटिश मस्केट. सतरावं, झोपलेला सिंह आणि खाली इंग्रजीत 'हिंमत असेल तर उठव मला', हे मला सर्वांत आवडतं. 'उठव' या अर्थाचा 'राउज' हा शब्द आज 'एस' घालून लिहितात, यादीत तो 'झेड'ने आहे. तो तसाच ठेवा. दुरुस्त केलात तर आपणच चूक केली.

काही निशाणांत वरवर न दिसणारे फास आहेत. पहिल्यावर उभा सिंह एका पंजात वाकडी तलवार आणि दुसऱ्यात पेनसिल्व्हेनियाची ढाल धरून आहे. बहुतेक लोक इथे आजच्या राज्यचिन्हातलं जहाज, शेतीचा नांगर आणि गव्हाच्या पेंढ्या काढून मोकळे होतात. ते चिन्ह अमेरिकी क्रांतीच्या काळातलं, तीसेक वर्षं नंतरचं. १७४७ला ढाल म्हणजे पेन घराण्याची : पांढऱ्यावर आडवा काळा पट्टा आणि पट्ट्यावर तीन पांढऱ्या चकत्या. नवव्यावर राजमुकुटासारखा छोटा मुकुट आणि पिसांचा तुरा आहे, बोधवाक्य 'इन गॉड वुई ट्रस्ट'. हे शब्द अमेरिकी नाण्यावर यायला १८६४ उजाडलं. तुरा दिसला की प्रिन्स ऑफ वेल्सची, म्हणजे ब्रिटिश युवराजाची, तीन पिसं आणि त्याचं जर्मन वाक्य घालायचा मोह होतो. यादीत पिसं किती ते नाही आणि जर्मनही नाही. तीन पिसं काढायची तर लाल पेन्सिल.

तेराव्याचा पेच वेगळा आहे. तेजोवलय, त्याच्या मध्ये 'जेहोवा निसी', आणि पुढे 'इंग्रजीत, प्रभू आमचं निशाण' असं छापलंय. हे इंग्रजी शब्द रेशमावर होते, की वाचकांसाठी दिलेला अर्थ? मला दुसरं पटतं, कारण बाकी ठिकाणी बोधवाक्य आहे तिथे यादी 'मोटो' असा शब्द स्पष्ट लिहिते, इथे लिहीत नाही. दहाव्याच्या 'प्रो आरिस एत फोकिस' (लॅटिन, 'देवघरासाठी आणि चुलीसाठी') पुढे 'इत्यादी'ची खूण आहे. ती छापणाऱ्याची सोय. कापडावर 'इत्यादी' रंगवू नका. हसाल, पण मी रंगवलेलं पाहिलंय.

आणि दुसरं निशाण. त्यावर थोडं थांबतो, कारण वीसांत सर्वांत हुशार कल्पना तीच आहे. तीन हात, प्रत्येकाची बाही वेगळी : एक झालरीची, एक साधी, एक चौकटीची. प्रत्येक हाताने पुढच्याचं मनगट धरलंय, 'सर्व दर्जांच्या लोकांची एकी' दाखवायला. झालर म्हणजे सधन गृहस्थ, साधी बाही म्हणजे दुकानदार-कारागीर, चौकट म्हणजे खलाशी-मजूर. चौकटीचं कापड तेव्हा बहुधा निळं-पांढरं, म्हणून ते हिरव्या पेन्सिलीत. लहानपणी दोघांनी एकमेकांची मनगटं धरून तिसऱ्याला बसवायची पालखी आठवते? तीच पकड, फक्त तीन हातांची, त्यामुळे मध्ये त्रिकोण पडतो. नुसतं कागदावर जमत नाही. तीन माणसं उभी करा, मनगटं धरायला लावा, वरून फोटो घ्या आणि त्यावरून रेखाटा. मी शेजारच्या तीन पोरांना धरलं होतं. अंगठा कुणाचा वर आणि कुणाचा खाली, यावर त्यांचं भांडण झालं आणि माझं कोडं सुटलं.

हत्तीची गोष्ट

सहावं निशाण : हत्ती, सदैव सावध योद्ध्याचं प्रतीक, कारण 'हा प्राणी कधी आडवा होत नाही असं म्हणतात, आणि त्याची शस्त्रं नेहमी तयार असतात'. बोधवाक्य 'सेंपर पाराटुस', नेहमी सज्ज. नदीत कुशीवर पडून घासून घेणारा हत्ती पाहिलेल्या कुणालाही हे वाचून हसू येईल. पण युरोपात हत्तीच्या पायांना सांधेच नसतात, म्हणून तो झाडाला टेकून उभ्याने झोपतो, असा समज शेकडो वर्षं चालत आला होता.

फिलाडेल्फियातल्या रंगाऱ्याला हत्ती पाहायला मिळण्याची सोयच नव्हती. अमेरिकेच्या भूमीवर पहिला हत्ती उतरला १७९६ साली, बंगालहून जहाजाने न्यूयॉर्कला. म्हणजे निशाणावरचा हत्ती छापील चित्रावरून आलेला, आणि ते चित्र काढणाऱ्यानेही बहुधा दुसऱ्या चित्रावरून उचललेलं. अशा हत्तींची सोंड तुतारीसारखी टोकाला पसरते, पाय खांबासारखे सरळ, कान लहान. मी पहिल्यांदा काढला तो आपला दसऱ्याच्या मिरवणुकीतला देखणा हत्ती होता, गंडस्थळ, डोळ्याची सुरकुती, सगळं जागच्या जागी. तो फाडून टाकावा लागला. बरोबर हत्ती इथे चूक आहे.

मजकुरात दोन गोष्टी पक्क्या आहेत : तो उभा आहे आणि त्याची शस्त्रं दिसली पाहिजेत, म्हणजे सुळे ठळक हवेत. त्या काळच्या चित्रांत हत्तीच्या पाठीवर बुरूज असतो, पण यादीत बुरूज नाही, म्हणून मीही काढला नाही. हौदा तर मुळीच नाही. आपल्याकडे त्याच सुमारास जरीपटका हत्तीवरून चालत होता, आणि तिकडे न पाहिलेला हत्ती निशाणावर चढला होता!

माप आणि कापड

मापही यादीत नाही. १७६८च्या ब्रिटिश फर्मानात पायदळाचं निशाण काठीलगत सहा फूट उंच आणि फडकतं साडेसहा फूट लांब, काठी भाल्याच्या टोकासकट नऊ फूट दहा इंच, अशी मापं आहेत. वीस वर्षं नंतरची, म्हणून हिरवी. घोडदळाचं निशाण याहून खूप लहान असे. फिलाडेल्फियाच्याच लाइट हॉर्स पथकाचं १७७५चं पिवळं रेशमी निशाण सुदैवाने टिकून आहे, ते साधारण चाळीस इंच बाय चौतीस. ते जॉन फॉलवेलने रेखाटलं आणि जेम्स क्लेपूलने रंगवलं. अशा स्थानिक स्वयंसेवकांच्या टिकलेल्या निशाणांची छायाचित्रं मोठी करून बघा : शिवण कुठे आहे, रंगाचा थर किती पातळ आहे, अक्षरं कशी वळलीत.

घरच्या भिंतीसाठी अर्धं माप पुरतं, तीन फूट बाय सव्वातीन. खाली मी पूर्ण मापाचा हिशेब देतो, अर्ध्यासाठी लांबी आणि उंची दोन्ही निम्मी करा.

कापड ताफ्ता हवं, रेशमी ताफ्ता, सपाट विणीचा. रॉ सिल्क किंवा गाठीगाठींचं डुपियन नको. तो खडबडीतपणा आज आपल्याला 'जुना' वाटतो, त्या काळी तो माल हलका समजला जाई. दुकानात 'ताफ्ता' मागितलं की पॉलिएस्टरच पुढे येतं. एक धागा ओढून जाळून बघा : रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरडते, पॉलिएस्टर वितळून मणी होतो.

तेव्हाच्या रेशमाचा पन्हा साधारण १९ ते २२ इंच होता, म्हणून सहा फुटी निशाण सलग कापडाचं नसे, पट्ट्या जोडलेलं असे. आज ४४ इंची पन्हा मिळतो. तो मुद्दाम कापा. सहा फुटांना १९ इंचांच्या चार आडव्या पट्ट्या (अर्धा अर्धा इंच दोन्ही कडांना शिवणीत जातो, उरतात अठरा). एका पन्ह्यात दोन पट्ट्या बसतात. लांबी ७८ इंच, शिवाय काठीच्या खोळीसाठी सहा आणि टोकाच्या दुमडीसाठी एक, म्हणजे ८५ इंच. अशा दोन लांब्या म्हणजे साडेचार मीटर घ्या. चाचणीसाठी अर्धा मीटर वेगळं घ्याच.

शिवण हाताने घाला. निशाण दोन्ही बाजूंनी दिसतं, तेव्हा कच्ची कड कुठेच उघडी राहू नये : दोन पट्ट्या जोडून धावदोरा घाला, एका बाजूची कड निम्मी कापा, दुसरी तिच्यावर दुमडून बारीक टाक्यांनी बसवा. मशीनची टीप ताफ्त्यावर चुण्या पाडते आणि लांबूनही ओळखू येते.

खाका आणि दोन बाजू

चित्र ब्राउन पेपरवर पूर्ण मापात काढा. ते बहुधा मधल्या तीन फुटांत बसवावं, बोधवाक्याची पट्टी खाली किंवा वर. अक्षरांची उंची मी चार इंच ठेवतो. वळण तेव्हाच्या छापखान्यातल्या रोमन अक्षरांचं, म्हणजे जाड-बारीक रेघांचं. सरळसोट जाडीचा आजचा फाँट नको.

मग भरतकामवाले करतात तसं : रेघांवर टाचणीने जवळजवळ भोकं पाडा, कागद रेशमावर ठेवा, खडूची बारीक पूड सुती पुरचुंडीत बांधून हलक्या हाताने थोपटा. जरीकामात पुडीबरोबर रॉकेल वापरतात, ते इथे नको, डाग जात नाही.

दुसऱ्या बाजूला कागद उलटा करून तेच भोकांचं चित्र पडतं. म्हणजे हत्ती दोन्हीकडून काठीकडेच तोंड करून राहतो. तसाच राहिला पाहिजे. शेपटीकडे काठी म्हणजे पळणारं जनावर. प्रश्न अक्षरांचा आहे, ती उलटी चालत नाहीत. म्हणून पट्टीची बाह्यरेषा दोन्ही बाजूंना सारखी ठेवायची, पट्टी आधी अपारदर्शक रंगाने भरायची, आणि मग दोन्ही बाजूंना अक्षरं वेगवेगळी सरळ लिहायची. पट्टी पातळ राहिली तर उजेडासमोर पलीकडची अक्षरं डोकावतात.

रंगकाम

रेशीम लाकडी चौकटीवर ताणून टाचा. ढिलं पडलं तर रंग तळ्यासारखा साचतो. जिथे रंग लागणार तिथेच सरस लावा. एक चमचा जिलेटिन कपभर गरम पाण्यात विरघळवून पातळ हात दिला तरी चालतं. वाळू द्या. हे टाळलं की रंग धाग्याधाग्याने पसरतो.

मूळ निशाणं तैलरंगात रंगवत. तेल रेशमाला कालांतराने कडक करतं आणि सरस कमी पडला तर चित्राभोवती तेलाचं वलय उमटतं. फडकवायच्या निशाणाला मी कापडासाठीचे अॅक्रिलिक वापरतो, तीन-चार पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर. एका जाड हाताने काम उरकण्याचा मोह आवरा. चकाकी हवी असेल तर शेवटी मॅट नव्हे, रेशमी झाकेचं वॉर्निश.

रंगपेटी सालाशी ताडून बघा. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सापडला, तेव्हा तो चालेल. नीळ, हिंगूळ, गेरू, काजळी, पिवळी माती हे सगळे चालतात. कोबाल्ट निळा, क्रोम पिवळा, कॅडमियमचे रंग एकोणिसाव्या शतकातले. नळीत आज जे काही असेल ते असो, छटा जुन्या रंगाची जुळवा. टायटॅनियम पांढरा फार थंड दिसतो. त्यात कणभर पिवळी माती घाला. जुना पांढरा शिशाचा होता, तो विषारी, घरात आणू नका. सोनेरी अक्षरं करायची असतील तर खरा वर्ख महाग पडतो, पितळी वर्ख वॉर्निश न केल्यास काळवंडतो.

काठी आणि सांभाळ

सरळ रेषेची, दीड इंच जाडीची काठी, टोकाला चपटं पितळी भाल्याचं पातं. बांबू नको, पेरं दिसतात. खोळीत काठी घालून वरखाली दोन पितळी खिळे, आणि पात्याखाली दोरी व दोन गोंडे. १७६८च्या फर्मानात ते किरमिजी आणि सोनेरी मिश्र आहेत, पण या लोकांना फर्मान लागू नव्हतं, म्हणून मी नुसते रेशमी किरमिजी ठेवले.

रंगवलेलं निशाण कधी घडी घालून ठेवू नका. माझं पहिलं मी ट्रंकेत घडी करून ठेवलं आणि महिन्याभराने हत्तीच्या पोटावरून सरळ भेग गेलेली होती. जाड पाइपवर मलमल गुंडाळा, त्यावर निशाण गुंडाळा, वरून पुन्हा मलमल.

शेवटचं काम खोळीच्या आतल्या बाजूला : सुती पट्टी शिवून त्यावर वहीतला सारांश तीन ओळींत लिहा. पुतणीच्या निशाणाच्या पट्टीवर निळ्या अक्षरांत आहे 'उभा हत्ती, सुळे, बोधवाक्य', हिरव्यात 'माप, पट्ट्या, काठी, सोंडेचा आकार', आणि लाल अक्षरांत 'पिवळं रेशीम, किरमिजी गोंडे, अक्षरांचा रंग'. त्याच्या खाली तिने पेनाने स्वतःचं एक वाक्य जोडलंय : 'हत्ती आडवे होतात. काकाने पाहिलेत.'